छऱ्याची बंदूक आणि तिचे माप

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही विषय कळविला तो छऱ्याच्या बंदुकीचा. चिटणीसांना वाटले, ऐकण्यात काही चूक झाली असावी, म्हणून त्यांनी पुन्हा विचारले. चूक नव्हती. ज्याने उभा जन्म कारखान्याच्या फाटकावर सभा घेण्यात घालविला, त्याने बंदुकीवर का बोलावे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर व्याख्यान संपेपर्यंत मिळाले नाही, तर दोष आमचा समजावा.

आमच्या मनात हा विषय आला तो एका जत्रेत. फुगे फोडण्याचा खेळ आपण सर्वांनी पाहिलेला आहे. मागे फळी, फळीवर रंगीबेरंगी फुगे, पुढे बाकडे आणि बाकड्यावर दोन-तीन झिजलेल्या बंदुका. आमच्या युनियनमधला एक तरुण फिटर तेथे दहा छरे झाडून एकच फुगा फोडू शकला. त्याच्या हाताला वळण आहे, नजर चांगली आहे. तेव्हा तो चिडला. दुकानदार म्हातारा होता. तो म्हणाला, "दादा, बंदुकीवर रागावू नका. आज डबी दुसरी आली आहे. छरे सैल बसतात." आणि त्याने छरा नळीच्या तोंडाशी ठेवून दाखविला. तो बोटाने न दाबता आपोआप आत घरंगळला. परत येताना त्या तरुणाने आम्हांला विचारले, "काका, मला स्वतःची एक घ्यायची आहे. मोठ्या मापाची घ्यावी की लहान? आणि छरे कुठले घ्यावेत?"

आम्हांला उत्तर येत नव्हते. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सगळे युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि गावच्या वाचनालयातून झाले. ज्या प्रश्नाचे उत्तर येत नाही तो वाचनालयात घेऊन जायचा, ही आमची जुनी खोड आहे. तेथे गेल्यावर दिसले की, या प्रश्नाच्या पाठीमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आमच्यासारखी बरीच माणसे आहेत.

प्रथम बंदुकीचे अंतरंग समजून घेऊ. हवेच्या जोरावर गोळी फेकण्याची युक्ती जुनी आहे. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरांदोनी नावाच्या कारागिराची हवेची बंदूक स्वीकारली होती. तिच्या दस्त्यातच हवेची टाकी असे आणि शिपायाला ती पंपाने शेकडो दाब मारून भरावी लागे. ती खरी युद्धाची बंदूक होती. आपण ज्या बंदुकीबद्दल बोलतो आहोत ती निराळी. तिच्यात हवा साठविलेली नसते. नळी मोडून किंवा दांडा ओढून आपण आतला दट्ट्या मागे नेतो, त्याबरोबर स्प्रिंग दबते आणि खाचेत अडकून राहते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्यापुढची हवा दाबली जाते, तापते आणि छऱ्याला नळीतून ढकलते. म्हणजे या बंदुकीची सारी शक्ती आपल्या दंडातून येते. आपण एका ओढीत जेवढे काम स्प्रिंगमध्ये भरतो त्याहून एक कणही अधिक ती परत देऊ शकत नाही; वाटेत घर्षणात आणि उष्णतेत बरेच गमावतेच. ही गोष्ट श्रोत्यांनी गाठीस बांधून ठेवावी. पुढचे सारे उत्तर तिच्यातून निघणार आहे.

ही स्प्रिंगची बंदूक घराघरांत नेली ती अमेरिकनांनी. न्यूयॉर्क संस्थानातल्या हर्किमर गावी हेन्री क्वॅकनबुश याने १८७१ साली कारखाना काढला आणि स्वस्त हवेच्या बंदुका बनविल्या. मिशिगनमधल्या प्लिमथ गावी १८८२ साली लोखंडी पवनचक्क्या बनविणारी एक कंपनी निघाली होती. धंदा बेताचा चालला होता. तेव्हा त्यांच्याकडे एक लहानशी धातूची छऱ्याची बंदूक आली. ती बंदूक पवनचक्क्यांपेक्षा अधिक खपू लागली आणि १८९५ साली कंपनीने आपले नावच बदलून बंदुकीचे नाव घेतले : डेझी.

या बंदुकांचे माप कोणी गणित करून ठरविले होते काय? नाही. डेझीच्या बंदुकीत जो गोल छरा जाई, तो पक्ष्यांच्या शिकारीसाठी काडतुसात भरण्याच्या शिशाच्या छऱ्यांपैकी एक होता. त्या छऱ्यांना आकाराप्रमाणे अक्षरांची व आकड्यांची नावे होती. त्यांतल्या एकाचे नाव 'बीबी'. तो दुकानात आयता मिळे, म्हणून बंदूक त्याच्या मापाची झाली. पुढे शिसे जाऊन पोलादी गोळी आली, व्यास थोडा घटला, पण नाव मात्र 'बीबी' हेच राहिले. जगात पुष्कळशी मापे अशीच ठरतात. जे हाताशी असते ते रूढ होते, आणि तीन पिढ्यांनी लोक त्याला शास्त्र म्हणू लागतात.

माप विचाराने ठरविण्याची पाळी इंग्लंडात आली, आणि त्याला निमित्त झाले एक युद्ध. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी इंग्रजी फौजांची दाणादाण उडविली. शेतकऱ्याच्या पोराला नेम साधता येतो आणि आपल्या शहरी शिपायाला येत नाही, हे साम्राज्याच्या धुरीणांना झोंबले. लॉर्ड रॉबर्ट्स हे नाव आपल्याला परके नाही. १८५७ मध्ये ते दिल्लीच्या वेढ्यात होते आणि पुढे हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती झाले. त्यांच्या पुढाकाराने १९०१ साली इंग्लंडात एक संस्था निघाली. तिचे नाव होते 'सोसायटी ऑफ वर्किंग मेन्स रायफल क्लब्ज', म्हणजे श्रमिकांच्या नेमबाजी मंडळांची संस्था. हेतू उघड होता. गिरणीतल्या आणि भट्टीवरच्या माणसाने संध्याकाळी नेम शिकावा, म्हणजे पुढच्या लढाईत तो कामास येईल.

हे वाचून आमच्यातला युनियनवाला सावध झाला, हे कबूल करतो. मालकाला कामगाराच्या फावल्या वेळाची काळजी वाटू लागली की आम्ही प्रथम खिसा चाचपतो. परंतु कामगारांनी त्या नेमबाजीचे पुढे काय केले ते पाहण्यासारखे आहे.

बर्मिंगहॅम हे शहर बंदुका करणाऱ्यांचे. तेथे एक संपूर्ण मोहल्लाच बंदूक-कारागिरांचा होता. कोणी नळी करी, कोणी चाप, कोणी दस्ता तासी. एक बंदूक अनेक हातांतून फिरून पुरी होई. १८६१ साली तेथल्या कारागिरांनी एकत्र येऊन यंत्रावर सुटे भाग बनविण्यासाठी कंपनी काढली. तीच बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, आपल्या तोंडी 'बीएसए'. तिच्या मोटारसायकली जुन्या मंडळींना आठवत असतील. बोअर युद्ध संपल्यावर सरकारी रायफलींची मागणी घटली आणि कारखान्याला काम हवे होते. त्याच शहरात लिंकन जेफ्रीज नावाचा बंदूकवाला होता. त्याने स्थिर नळीची, खालचा दांडा ओढून भरावयाची छऱ्याची बंदूक तयार करून १९०४ साली तिचे पेटंट घेतले, आणि १९०५ पासून ती बीएसएच्या यंत्रांवर निघू लागली. नळी मोडावी लागत नसल्याने नेमाची रेघ हलत नसे. नळीत मळसूत्री खाचा होत्या. खेळण्याचे आता हत्यार झाले होते.

या बंदुकीला प्रथम माप होते .१७७ इंचाचे, म्हणजे साडेचार मिलिमीटर. पुढल्या काही वर्षांत .२२ आणि .२५ ही मापे आली. इंग्रज दुकानदार त्यांना पहिला बोअर, दुसरा बोअर आणि तिसरा बोअर म्हणत. आज जगभर स्प्रिंगच्या बंदुकीची मुख्य मापे हीच आहेत. यांच्या जोडीला .२० हे एक माप आहे, पण त्याचा प्रसार कमी.

आता बर्मिंगहॅमचा कामगार संध्याकाळी काय करी? तो कवायतीच्या मैदानावर न जाता दारूच्या गुत्त्यात जाई, आणि तेथेच मागल्या भिंतीला एक लोखंडी पत्रा टांगून घेई. पत्र्याच्या मध्यभागी इंचाच्या तीन अष्टमांश भागाएवढे भोक. भोकाच्या मागे घंटा. सहा यार्डांवरून छरा झाडायचा. नेमका भोकातून गेला की घंटा वाजे आणि सारा गुत्ता ओरडे. गुत्त्यागुत्त्यांच्या लीगा झाल्या, ढाली लागल्या. साम्राज्याने जी गोष्ट लढाईसाठी शिकविली, ती कामगाराने खेळ म्हणून आपलीशी केली. मिडलँड्समध्ये हा घंटेचा खेळ शंभर वर्षांहून अधिक टिकला.

येथेच आमच्या फिटरच्या प्रश्नाचे पहिले उत्तर सापडते. घंटेच्या भोकाचा व्यास साडेनऊ मिलिमीटर. साडेचार मिलिमीटरचा छरा त्यातून न घासता जायचा तर मध्यापासून अडीच मिलिमीटरची चूक चालते. साडेपाचाचा छरा असेल तर दोनच मिलिमीटरची. म्हणजे या खेळात लहान छराच फायद्याचा. कागदाच्या लक्ष्यावर मात्र उलट होते. तेथे छऱ्याची कड वरच्या गुणाच्या वर्तुळाला नुसती शिवली तरी तो गुण मिळतो, म्हणून मोठे भोक पाडणारा छरा फायद्याचा ठरला असता. हा वाद नको म्हणून आंतरराष्ट्रीय दहा मीटरच्या स्पर्धेत माप साडेचार मिलिमीटरचेच बांधून दिलेले आहे. कोणते माप चांगले, असा प्रश्न नुसता विचारून भागत नाही. कशासाठी, हे आधी विचारावे लागते.

परंतु माणसाच्या मनात मोठ्या मापाची ओढ असतेच. त्याला वाटते, मोठी गोळी म्हणजे मोठी ताकद. येथे आम्ही मघा गाठीस बांधावयास सांगितलेली गोष्ट सोडावी. स्प्रिंगची शक्ती ठरलेली आहे. ती पगाराच्या पाकिटासारखी आहे. महिन्याचे पाकीट एकच. घरभाड्याकडे अधिक गेले तर किराण्याकडे कमी जाते. छऱ्याच्या बाबतीत हे पाकीट वजन आणि वेग यांत वाटले जाते.

हिशेब करून पाहू. समजा, एका बंदुकीतून छरा बाहेर पडताना त्याच्यात १६ ज्यूल शक्ती असते. .१७७ चा सामान्य छरा सुमारे अर्ध्या ग्रॅमाहून थोडा अधिक, ०.५४ ग्रॅम वजनाचा. त्याचा वेग येतो सेकंदाला सुमारे २४० मीटर. .२२ चा छरा ०.९३ ग्रॅमचा धरला तर वेग येतो १८५ मीटर. .२५ चा छरा १.३ ग्रॅमचा धरला तर १५७. आता पंचवीस मीटरवर लक्ष्य ठेवा. हवेचा अडथळा न धरता, तेथपर्यंत जाताना पहिला छरा पृथ्वीच्या ओढीने सुमारे पाच सेंटिमीटर खाली येतो, दुसरा नऊ आणि तिसरा बारा. प्रत्यक्षात हवेमुळे आकडे याहून वाढतात, आणि एकच यंत्र सर्व मापांत अगदी सारखी शक्ती देते असेही नाही. परंतु प्रमाण समजण्यास एवढे पुरे. लहान छऱ्याचा मार्ग सपाट. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी तो सांभाळून घेतो. मोठा छरा धनुष्यासारखा वाकून जातो. तेथे अंतराचा अंदाज अचूक लागतो. उलट मोठ्या छऱ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ लहानाच्या दीडपट असते आणि वजनही जास्त, म्हणून तो लक्ष्यावर आपली शक्ती लवकर उतरवितो. इंग्लंडातल्या शेतात धान्य खाणारे ससे मारणाऱ्यांनी या कारणाने .२२ पसंत केली, आणि नेमाचा खेळ खेळणाऱ्यांनी .१७७. दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबर होते. .२५ ला फार जोरदार बंदूकच हवी. सामान्य बंदुकीला ती जोडणे म्हणजे लहान कुटुंबाच्या पगारात मोठा वाडा भाड्याने घेणे होय.

छऱ्याच्या वजनाचेही तसेच. वेगाच्या हव्यासाने फारच हलका छरा घातला तर तो हवेचा दाब पुरता वाढण्यापूर्वीच निसटतो, आणि दट्ट्याला समोर उशी उरत नसल्याने तो भिंतीवर आदळतो. रिकामी बंदूक झाडली तर हे सर्वांत वाईट घडते. स्प्रिंग आणि दट्ट्याचे कातडे अशानेच जाते. उलट फार जड छरा जागचा लवकर हालत नाही. दाब अतोनात वाढतो आणि दट्ट्या पुढे जाण्याऐवजी उसळून मागे येतो. स्प्रिंगच्या बंदुकीला मध्यम वजन मानवते.

या बंदुकीचा आणखी एक स्वभाव आहे. छरा नळीत असतानाच ती आधी मागे आणि मग दट्ट्या थांबताना पुढे अशी दोनदा झटकते. म्हणून तिला आवळून धरणारा चुकतो. सैल, पण प्रत्येक वेळी सारख्या हाताने धरणारा नेम साधतो. दारूच्या रायफलीवर तयार झालेले भले भले नेमबाज या साध्या बंदुकीपुढे ओशाळतात ते यामुळे. या दुहेरी झटक्यावर जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या फाइनवेर्कबाऊ कारखान्याने १९६० च्या सुमारास उत्तर काढले. त्यांनी बंदुकीचा सारा वरचा भाग रुळावर बसविला. झटका आला की तो भाग मागे सरके आणि नेमबाजाच्या खांद्याला काही कळत नसे. १९६६ साली वीसबाडेनच्या जागतिक स्पर्धेत दहा मीटरची छऱ्याची बंदूक आली आणि १९८४ साली लॉस एंजेलिसला तिने ऑलिंपिकमध्ये प्रवेश केला. पुढे स्पर्धेत स्प्रिंग मागे पडली आणि साठविलेल्या हवेच्या बंदुका आल्या, पण माप साडेचारचेच राहिले.

आता छऱ्याच्या आकाराकडे येऊ. गोल गोळी मळसूत्री नळीत नीट बसत नाही; तिच्या कडेने हवा निसटते. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी कमरेत बारीक असलेला छरा रूढ झाला. डमरूसारख्या 'डायबोलो' नावाच्या खेळण्यावरून त्याला तेच नाव पडले. त्याचे डोके नळीत सरळ मार्ग धरते. मागचा पातळ घागरा हवेच्या दाबाने फुलून नळीला चिकटतो आणि हवा अडवितो. डोके जड आणि घागरा हलका, म्हणून तो बॅडमिंटनच्या फुलासारखा तोंड पुढे ठेवून जातो. चपट्या डोक्याचा छरा कागदाला कातरल्यासारखे स्वच्छ भोक पाडतो, म्हणून दहा मीटरच्या खेळाला तोच. परंतु लांबवर हवा त्याला अडविते. घुमटाकार डोक्याचा छरा हवा चांगली कापतो, म्हणून वीस-पंचवीस मीटरपुढे तो बरा. टोकदार छरे दिसायला शूर दिसतात. पण टोक किंचित वाकडे असले तरी मार्ग चुकतो, आणि नेमाच्या कामी घुमटाकार छराच बहुधा सरस ठरतो.

येथवर आल्यावर कोणीही म्हणेल की, आता डबीवरचा आकडा वाचून छरा घ्यावा म्हणजे झाले. येथेच आमचे अर्धे आयुष्य ज्या धंद्यात गेले तो मध्ये येतो. आम्ही तरुणपणी टर्नर होतो. त्या कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे भोकाचे माप तपासण्यासाठी 'गो' आणि 'नो-गो' असे दोन गेज असत. पहिला भोकात जावा, दुसरा जाऊ नये. एकदा आमच्या लाइनचा माल सलग तीन दिवस नापास होऊ लागला. 'नो-गो' भोकात जात होता. पीसरेटवरच्या माणसांचे पैसे कापले गेले आणि वर 'हलगर्जी' असा शेरा बसला. चौथ्या दिवशी एका जुन्या मिस्त्रीने हळूच सुचविले की, माल बाजूला ठेवा आणि गेजच मोजा. मोजला. 'नो-गो' वापरून वापरून झिजला होता, म्हणून तो चांगल्या भोकातही शिरत होता. पैसे परत मिळविण्यासाठी आम्हांला जे करावे लागले, त्यातूनच आम्ही युनियनचे काम करू लागलो. त्या दिवसापासून आमचा एक नियम आहे : मापाने माणसाला खोटे ठरविण्यापूर्वी मापाचेच माप घ्यावे.

छऱ्याच्या डबीलाही हाच नियम लागू आहे. .२२ इंच म्हणजे काटेकोर हिशेबाने ५.५९ मिलिमीटर, पण जर्मन वळणाच्या डबीवर लिहिलेले असते ५.५. जुन्या इंग्रजी .२२ नळ्या थोड्या मोकळ्या, त्यांत हा छरा सैल बसतो. स्पर्धेचे .१७७ छरे ४.४९, ४.५०, ४.५१ अशा शतांश मिलिमीटरच्या फरकाने वेगळे करून विकले जातात. एकाच कारखान्याच्या दोन नळ्यांना दोन वेगळे छरे मानवतात. म्हणून जत्रेतला तो म्हातारा बरोबर बोलत होता. डबी बदलली की बंदूक बदलते. आमच्या तरुण फिटरची नजर चुकली नव्हती. त्याला दिलेले माप चुकले होते.

मोजून पाहण्याची ही वृत्ती जुन्या कारागिरांत होतीच. १९७६ साली इंग्लंडात कार्ड्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बंदुकीवर एक पुस्तक लिहिले. त्यांनी बंदूक साध्या हवेत झाडली आणि मग नत्रवायूत झाडली. नत्रवायूत वेग बराच उतरला. म्हणजे साध्या हवेत दट्ट्याजवळचे थोडे तेल दाबाच्या उष्णतेने जळते आणि शक्तीत भर घालते, हे सिद्ध झाले. म्हणूनच ज्यादा तेल घालू नये. एखाद्या झाडण्याला धूर आणि धडाका होतो, वेग कमीजास्त होतो आणि नेम हरवतो.

या कथेत युद्धाने पुन्हा एकदा दार ठोठावले. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथमधल्या बीएसए कारखान्यावर बॉम्ब टाकले. ५३ कामगार तेथेच मेले. युद्धानंतर जर्मनीच्या रास्टाट गावातल्या 'डायना' छऱ्याच्या बंदुकीच्या कारखान्याची यंत्रे नुकसानभरपाई म्हणून उचलून स्कॉटलंडमध्ये नेण्यात आली, आणि तेथे त्याच नावाच्या बंदुका निघू लागल्या. रास्टाटच्या माणसांनी १९५० च्या सुमारास पुन्हा शून्यातून आरंभ केला आणि इंग्लंडात आपला माल 'ओरिजिनल' या नावाने विकला. यंत्रे नेता आली, नावही नेता आले. हातांतले कसब मात्र जागच्या जागीच राहिले. कारखाना म्हणजे काय, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर आम्हांला फाटकावरच्या एकाही भाषणात देता आलेले नाही.

आता आपल्याकडे येऊ. माप निवडण्याचा अधिकार प्रत्येक देशात शेवटी कायद्यानेही घेतलेला आहे. ब्रिटनने १९६९ च्या नियमांनी रायफलीची हद्द १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६ ज्यूल ठरविली. आपल्याकडे १८७८ च्या शस्त्र कायद्याने परकी सरकारने हत्यारावर पहारा बसविला होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही मागितला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनी हवेच्या बंदुकीची रेघ स्पष्ट आखली : नळीचे माप .१७७ इंचाहून मोठे असेल किंवा शक्ती २० ज्यूलहून अधिक असेल, तर परवाना हवा. म्हणजे सामान्य नागरिकासाठी मापाचा प्रश्न बव्हंशी सुटलेलाच आहे. आणि यात हळहळण्यासारखे काही नाही. याच साडेचार मिलिमीटरच्या मापाने मुंबईच्या अंजली भागवत २००० साली सिडनीत आणि सुमा शिरूर २००४ साली अथेन्समध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभ्या राहिल्या, आणि २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले. दहा मीटरवरच्या त्या लक्ष्याचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याच्यासाठी मोठी गोळी लागत नाही, स्थिर श्वास लागतो.

म्हणून आम्ही त्या तरुणाला शेवटी असे सांगितले. बाबा रे, .१७७ घे. मध्यम जोराची घे, तुझ्या दंडाला रोज पन्नास वेळा ओढता येईल अशी. चार प्रकारच्या छऱ्यांच्या लहान डब्या आण. कागदासाठी चपटे, लांबसाठी घुमटाकार. दहा मीटरवर बंदूक मऊ उशीवर सैल ठेवून प्रत्येक डबीतले पाच-पाच छरे झाड. ज्याची पाच भोके सर्वांत जवळ पडतील तो तुझ्या नळीचा छरा. मग डबीवर काहीही छापलेले असो. छरे शिशाचे आहेत, म्हणून तोंडात धरू नकोस, आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवू नकोस. शिशाने किती कामगारांची हाडे पोखरली हे आम्हांला ठाऊक आहे. मागे छरा अडविणारी जाड फळी असल्याशिवाय झाडू नकोस. कठीण भिंतीवरून छरा उलटतो आणि डोळा जातो. भरलेली असो वा रिकामी, नळी माणसाकडे कधी करू नकोस.

त्याने विचारले, "आणि पाखरे?" तेव्हा आम्ही त्याला मुंबईच्या एका मुलाची हकीकत सांगितली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या मुलाने खेळण्यातल्या छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथल्या मिलार्डसाहेबांनी त्याला हाकलून न देता पेंढा भरलेले पक्षी उघडून दाखविले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. पुढे त्यांनी जन्मभर पक्षी मोजले, ओळखले, जपले आणि १९८५ साली आपल्या आत्मचरित्राला त्या पडलेल्या चिमणीचेच नाव दिले. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बहुतेक रानपक्ष्यांना संरक्षण आहे. पण कायदा नसता तरी आम्ही त्याला हेच सांगितले असते. एका चिमणीने एका मुलाला प्रश्न विचारावयास शिकविले. दुसऱ्या चिमणीची गरज नाही.

तो फिटर आता दर रविवारी कागदावर नेम धरतो. परवा त्याने आम्हांला एक कागद आणून दाखविला. पाच भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकत होती. कागदाच्या कोपऱ्यात त्याने छऱ्याचे नाव, वजन आणि अंतर लिहून ठेवले होते. आम्ही त्याला म्हटले, असाच लिहीत जा. कारखान्यात उद्या कोणी तुझा माल नापास ठरविला, तर हीच सवय तुझ्या बाजूने उभी राहील.